वाटीतलं शहर: ला पाझमधला पहिला आठवडा

दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हियात, ला पाझ शहराच्या एल आल्तो विमानतळावर उतरताना कानांना उलटा अनुभव येतो. एरवी विमान खाली येतं तसा आतल्या हवेचा दाब वाढत जातो. इथे तो कमी होत जातो. उडत्या विमानात साधारण २,००० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढा दाब राखलेला असतो, आणि हा विमानतळ आहे ४,०६१ मीटरवर. दार उघडायचं तर आतला दाब बाहेरच्याइतका करावा लागतो. म्हणजे विमान उतरत असतं आणि आतली हवा चढत असते. बॅगेतली चिवड्याची पाकिटं टम्म फुगतात, शाम्पूच्या बाटलीचं झाकण कडेने पाझरतं, टूथपेस्टचं टोपण काढलं की पेस्ट स्वतःहून बाहेर येते. म्हणून बाटल्या काठोकाठ भरू नयेत. पाऊण भरून, थोड्या दाबून मग झाकण लावावं आणि वर दोन पिशव्या घालाव्यात.

धावपट्टी तब्बल चार किलोमीटरची आहे, कारण विरळ हवेत विमानाला उचलायला जास्त वेग लागतो. त्याच विरळ हवेत आता आपल्याला बॅगा उचलायच्या असतात. त्या उचलू नयेत, ट्रॉली घ्यावी. पहिल्या अर्ध्या तासात तब्येत ठणठणीत वाटते आणि इथेच माणूस फसतो. उंचीचा त्रास, ज्याला इथे ‘सोरोचे’ म्हणतात, साधारण सहा ते बारा तासांनी सुरू होतो. दुपारी उतरलेला माणूस संध्याकाळी चौकात फिरून येतो, पोटभर जेवतो आणि रात्री दोन वाजता डोकं धरून बसतो.

पहिला निर्णय झोपायच्या जागेचा. त्यासाठी शहराचा आकार डोळ्यांसमोर आणायला हवा. आल्तिप्लानो हे अँडीजच्या दोन रांगांमधलं उंच, सपाट पठार. त्याच्या पूर्व कडेला चोकेयापू नदीने खोल दरी कोरली आहे आणि त्या दरीत ला पाझ वसलं आहे. वाटीच्या काठावर, सपाटीवर, एल आल्तो: सुमारे ४,१०० मीटर. वाटीच्या मध्यात जुनं शहर, सान फ्रान्सिस्को चर्च आणि मुरियो चौक: सुमारे ३,६४० मीटर. तळाशी, नदीच्या उताराला, कालाकोतो वगैरे भाग, ज्यांना मिळून ‘सोना सुर’ म्हणजे दक्षिण विभाग म्हणतात: ३,२०० ते ३,३०० मीटर. दोन कळसूबाई एकावर एक ठेवली की जेमतेम या तळाची उंची भरते. विमानाने लेहला जाऊन आलेल्यांना हा अंदाज चटकन येईल. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे, म्हणजे ला पाझच्या मध्यापेक्षा किंचित खाली.

पहिल्या दोन रात्री तळाशी काढाव्यात. खोली थोडी महाग पडते, कारण या शहरात पैसेवाले खाली राहतात. मुंबईत मलबार हिलला जो भाव आहे तो इथे तळाला. खाली गारठा कमी, हवा जास्त, वारा कमी. वर जाल तशी घरं लहान होत जातात आणि विटांवरचा गिलावा दिसेनासा होतो. एकाच शहरात आठशे-नऊशे मीटरचा चढ-उतार असल्यामुळे पत्ता सांगताना इथले लोक उत्तर-दक्षिण क्वचितच म्हणतात, वर-खाली म्हणतात.

हवेत ऑक्सिजन ‘कमी’ असतो असं आपण म्हणतो. प्रमाण २१ टक्केच असतं, दाब कमी असतो. समुद्रसपाटीच्या तुलनेत ला पाझच्या मध्यात तो सुमारे ६५ टक्के आणि एल आल्तोत सुमारे ६२ टक्के. शरीर याला आधी जोरात श्वास घेऊन आणि वारंवार लघवी करून उत्तर देतं. लघवी वाढली तर घाबरू नये, ती जुळवून घेतल्याची खूण आहे. कोविडच्या काळात घरात आलेला ऑक्सिमीटर बॅगेत टाकावा, पण आकडा वाचायला नव्याने शिकावं लागतं. पुण्यात ८८ दिसले तर आपण दवाखाना गाठू. ला पाझमध्ये नवख्या माणसाला बसल्या जागी ८५ ते ९० दिसणं नेहमीचं आहे. बोटं गार असली किंवा नखांना पॉलिश असलं तर आकडा आणखी खोटा येतो, म्हणून हात चोळून, मिनिटभर थांबून वाचावा.

ॲसिटाझोलामाइडची गोळी (डायमॉक्स) बरेच जण घेतात. प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून, असं डॉक्टर सांगतात. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर ते आधीच सांगायला हवं. गोळीने बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात आणि सोडा-कोला पाणचट लागतो. हे अपेक्षितच आहे. डोकेदुखीला पॅरासिटामॉल चालतं. झोपेची गोळी आणि दारू मात्र पहिले दोन-तीन दिवस पूर्ण बंद, कारण दोन्हींनी झोपेतला श्वास मंदावतो.

झोपेचंही सांगून ठेवलेलं बरं. शेजारी झोपलेल्याचा श्वास मध्येच आठ-दहा सेकंद थांबतो आणि मग तो खोल उसासा टाकून परत सुरू होतो. ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण या उंचीवर हे सर्रास होतं. काही रात्रींत कमी होतं. इथली जुनी म्हण याच सगळ्याचं औषध आहे: ‘कोमेर पोकितो, आंदार देस्पासितो, दोर्मिर सोलितो’. थोडं खा, हळू चाल, एकटाच झोप. पहिले दोन भाग तर अक्षरशः पाळावेत. रात्रीचं जेवण म्हणजे नुसतं सूप. पचन मंदावलेलं असतं आणि तळकट खाल्लं की ते सकाळपर्यंत छातीवर बसतं.

हॉटेलात शिरताच ‘माते दे कोका’ हातात येतो: कोकाची वाळलेली पानं गरम पाण्यात. चव गवती, जरा ग्रीन टीच्या वळणाची. मळमळ हलकी होते, शिवाय पोटात गरम पाणी जातं. पण तो उपचार नव्हे. दिवसा एक-दोन कप ठीक, रात्री घेतला तर झोप उडते.

आता बिघडलं तर काय. डोकं दुखणं, भूक न लागणं, झोप मोडणं हे चालतं आणि एक-दोन दिवसांत ओसरतं. बसल्या जागी धाप लागणं, थांबत नसलेला ओला खोकला, बोलण्यात गोंधळ किंवा सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालता न येणं, यातलं एकही दिसलं की दवाखाना, ऑक्सिजन आणि खाली उतरणं. खाली उतरणं म्हणायला सोपं आहे. वाटीतल्या शहरातून बाहेर पडणारे बहुतेक रस्ते आधी वर चढतात. हिरव्यागार युंगास खोऱ्यातलं कोरोइको फक्त १,७०० मीटरवर आहे, पण तिकडे जाताना ला कुंब्रेची ४,६५० मीटरची खिंड ओलांडावी लागते. बोलिव्हियाचं सांताक्रूझ शहर सखल आहे, तिथे विमान तासाभरात पोचतं, पण विमानतळ काठावर. सोपी वाट नदीची: माय्यासावरून रियो आबाखोच्या खोऱ्यात मेकापाकाकडे. रस्ता पाण्याबरोबर उतरत सुमारे २,९०० मीटरपर्यंत जातो, मध्ये मोठी खिंड नाही. हा रस्ता आल्या दिवशीच नकाशात बघून ठेवावा.

तिसऱ्या दिवसापासून भूक परत येते आणि स्वयंपाकघर असलेली खोली घेतली असेल तर पुढचा धडा तिथे. ३,६४० मीटरवर पाणी ८८ अंशांना उकळतं. खळखळून उकळतं, वाफही भरपूर निघते, पण ते १०० अंशांचं पाणी नव्हे. आच वाढवून तापमान वाढत नाही, फक्त पाणी आटतं. चहा आपल्यासारखा रंगायला जास्त वेळ लागतो. उघड्या पातेल्यात भात वरून मऊ आणि आत कणीदार राहतो, डाळ तर शिजतच नाही. म्हणूनच इथे घरोघरी कुकर असतो. कुकरची शिट्टी बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर जास्त दाब धरते. पण बाहेरची हवाच विरळ असल्याने आत १२१ ऐवजी ११५ अंशांच्या आसपास तापमान मिळतं. हिशेब असा की घरी चार शिट्ट्यांत होणाऱ्या डाळीला सहा द्याव्यात, किंवा शिट्टी आल्यावर मंद आचेवर तिसऱ्या हिश्श्याने वेळ वाढवावा. पाणी थोडं जास्त. कडधान्य रात्रभर भिजवलेलंच हवं.

तूरडाळ शोधत बसू नये. बाजारात ‘लेंतेखा’ मागावी, तो आपला अख्खा मसूर. कराड-कोल्हापूरकडच्यांची सोय झाली. किन्वा घेतला तर पाण्यात चोळून चोळून, फेस येणं थांबेपर्यंत धुवावा. त्याच्या कवचावर साबणासारखा कडू थर असतो आणि ‘कडू लागला’ ही तक्रार जवळजवळ नेहमी न धुतल्यामुळे असते.

बाजारात विकणारी बहुधा चोलिता, म्हणजे पारंपरिक वेशातली इथली बाई, असते: अनेक पदरी घेरदार पोयेरा (घागरा), शाल, दोन वेण्या, डोक्यावर गोल बोलर टोपी. तिला ‘कासेरिता’ म्हणायचं. तीही तुम्हाला तेच म्हणते. नेहमीची दुकानदार आणि नेहमीचं गिऱ्हाईक, दोघांना एकच शब्द. एकीकडूनच माल घेत राहिलात तर शेवटी ‘यापा’ मागता येतो, म्हणजे वरची मूठभर भर. मंडईत भाजीवर कोथिंबिरीची काडी मागणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. वजन मात्र नीट विचारावं. बटाटे बऱ्याचदा लिब्रा आणि अरोबात मोजतात. १ लिब्रा म्हणजे सुमारे ४६० ग्रॅम आणि २५ लिब्रांची १ अरोबा, साडेअकरा किलो. किलो समजून लिब्राचा भाव दिला की निम्म्याहून जास्त फटका.

या बाजारात उभं राहिलं की एकादशीचं ताट आठवतं. बटाटा टिटिकाका सरोवराच्या आसपासच्या डोंगरांचा, भुईमुगाचं मूळ दक्षिण बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिनाकडचं. रताळं, मिरची आणि राजगिरा अमेरिका खंडातले, आणि साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावाही दक्षिण अमेरिकेतला. वरीचे तांदूळ सोडले तर आपला उपवासाचा फराळ बराचसा इकडूनच आलेला. ‘सोपा दे मानी’ हे शेंगदाण्याचं सूप तर दाण्याच्या आमटीची लांबची बहीण. फरक एवढाच की दाणे भाजत नाहीत. कच्चे सोलून, भिजवून, पाण्याबरोबर बारीक वाटतात आणि मंद आचेवर बराच वेळ ढवळत शिजवतात. ढवळणं सोडलं की तळाला लागतं, लवकर उतरवलं तर कच्चा वास राहतो. वरून तळलेल्या बटाट्याच्या काड्या. शाकाहारी माणसाने मात्र सावध असावं. ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) म्हटलं तर मांसाचे तुकडे काढून देतात, रस्सा हाडांचाच असू शकतो. ‘काल्दो’ म्हणजे रस्सा कशाचा, हे वेगळं विचारावं.

टोपल्यांत काळे, सुरकुतलेले, दगडासारखे गोळे दिसतात तो चुन्यो. शेजारी खडूसारखे पांढरे असतात ती तुंता. दोन्ही बटाटेच. आपलं वाळवण उन्हाचं, इथलं वाळवण थंडीचं, आणि ते नीट समजून घेतलं की आल्तिप्लानोचा भूगोल निम्मा कळतो.

जून-जुलैत पठारावर आभाळ निरभ्र असतं. दिवसा ऊन कडक, हवा कोरडी ठणठणीत, रात्री पारा उणे पाच किंवा त्याच्याही खाली. याच तिढ्यावर चुन्यो होतो. त्यासाठी सहसा कडू जातीचे बटाटे घेतात. ते दंव सोसतात पण तसेच खाल्ले तर कडू आणि बाधणारे. आकाराने सारखे, अंड्याएवढे किंवा लहान निवडतात, कारण मोठ्याच्या पोटापर्यंत गारठा पोचत नाही. वाळल्या गवतावर एकच थर पसरतात आणि तीन-चार रात्री गोठू देतात. दिवसा ते उन्हात विरघळतात. बोटाने दाबल्यावर स्पंजसारखा दबून पाणी सुटलं की वेळ झाली. मग छोटे ढीग करून अनवाणी पायांनी तुडवतात. पाणी निघतं, सालं सुटतात. तुडवणं घाईने केलं तर बटाटा फुटतो, उशिरा केलं तर पाणी आत अडकून कुजतो. नंतर दहा-पंधरा दिवस ऊन आणि दंव खात वाळत ठेवतात आणि तळहातांत चोळून उरलेली सालं काढतात. चार-पाच किलोंचा जेमतेम एक किलो होतो, पण तो वर्षानुवर्षं टिकतो. सगळ्यात मोठा शत्रू ढग. रात्री आभाळ भरलं की जमिनीची ऊब निघून जात नाही, दंव पडत नाही, आणि अर्धवट गोठलेला ढीग सडतो.

तुंतेला कष्ट जास्त. गोठवलेले बटाटे उन्हाने काळे पडू नयेत म्हणून दिवसा झाकतात, मग पोत्यांत भरून वाहत्या गार पाण्यात तीन-चार आठवडे ठेवतात, पुन्हा गोठवून, सोलून वाळवतात. कडवटपणा पाण्यात जातो आणि रंग पांढरा राहतो.

विकत घेताना चुन्यो हलका, कडक आणि एकमेकांवर आपटल्यावर गोट्यांसारखा वाजणारा घ्यावा. कुबट वास असेल तर सोडून द्यावा. रात्रभर भिजवायचा, दोन-तीनदा पाणी बदलायचं, प्रत्येक वेळी हाताने पिळायचा. मधोमध सुईच्या टोकाएवढा कडक कण राहिला तरी तो शिजत नाही, म्हणून एक कापून बघावा. मग मिठाच्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं. चव मातकट आणि बुरशीच्या वळणाची. पहिल्यांदा नुसता खाऊ नये, निम्म्यांना आवडत नाही. अंडं, चीज किंवा दाण्याचं वाटण घालून परततात त्याला ‘फुती’ म्हणतात, तिथून सुरुवात करावी. सोबत ल्याह्वा, म्हणजे लोकोतो मिरची आणि टोमॅटो पाट्यावर रगडून केलेली चटणी. लोकोतोच्या बिया काळ्या असतात आणि तिखटपणा लवंगीच्या तोंडचा.

चौथ्या दिवशी वर जायला हरकत नाही. केबलकारची लाल मार्गिका २०१४ मध्ये सुरू झाली. आता दहा मार्गिका मिळून सुमारे ३० किलोमीटरचं जाळं आहे, आणि ते पर्यटकांसाठी नाही, कामावर जाणाऱ्यांसाठी बांधलेलं आहे. दहा माणसांची पेटी दहाएक मिनिटांत काठावर आणते. एवढ्या चढाला बसायला काहीच कष्ट नसल्यामुळे वर उतरल्यावर पायऱ्या भरभर चढल्या जातात आणि डोळ्यांपुढे काजवे येतात. बाहेर पडून पाच मिनिटं बसावं. गुरुवारी किंवा रविवारी आलात तर ‘१६ दे खुलियो’चा बाजार भरलेला असतो. गाडीच्या दारापासून ते जुन्या बुटांपर्यंत सगळं रस्त्यावर. मोबाईल पुढच्या खिशात ठेवावा.

एल आल्तो १९८५ मध्ये वेगळी नगरपालिका झाली, आणि आज लोकसंख्येने ला पाझपेक्षा मोठी आहे. आयमारा या इथल्या मूळ रहिवाशांच्या खेड्यांतून आणि बंद पडलेल्या कथिलाच्या खाणींतून आलेल्यांनी ती वसवली. साध्या विटांच्या ओळींत मधूनच हिरवी-नारिंगी, आरशांनी मढवलेली पाच-सहा मजली इमारत उठते. या इमारतींना ‘चोलेट’ म्हणतात आणि त्यांची ही ठेवण फ्रेडी मामानी या वास्तुकाराने रूढ केली. खाली दुकानं, मध्ये लग्नाचा हॉल, वर मालकाचं घर. आपल्याकडच्या मंगल कार्यालयाच्या मालकाला हा हिशेब लगेच पटेल.

कपड्यांचं थोडक्यात: उन्हात भाजतं आणि सावलीत कुडकुडतं, तेही एकाच रस्त्याच्या दोन कडांना. बहुतेक घरांत हीटर नसतो. पातळ तीन थर जाड एका थरापेक्षा बरे. नाक कोरडं पडून रक्त येतं, रात्री तुपाचं बोट फिरवावं. डिसेंबर ते मार्च पाऊस, बहुधा दुपारनंतर. तो आला की उतरत्या गल्लीतून बाजूला व्हावं, कारण वाटीच्या उतारांवरचं सगळं पाणी मध्यातल्या रस्त्यांवर येतं. १९ फेब्रुवारी २००२ च्या गारपिटीत अशा लोंढ्यांनी साठहून अधिक बळी घेतले.

टिटिकाका शेवटी ठेवावं. सरोवर ३,८१२ मीटरवर आहे, म्हणजे तिथली रात्र शहराच्या रात्रीपेक्षा उंच. सरोवराकाठच्या कोपाकाबाना गावाच्या वाटेवर तिकिनाच्या सामुद्रधुनीत बस लाकडी तराफ्यावरून जाते आणि प्रवासी वेगळ्या होडीतून. पासपोर्ट आणि पैसे बसमध्ये सोडू नयेत. शिवाय ‘ब्लोकेओ’ म्हणजे रास्ता रोको इथे अधूनमधून होतच असतो. परतीच्या विमानाच्या आदला दिवस कधीही शहराबाहेर काढू नये.

निघताना बॅग उलटी करून तपासावी. कोकाची पानं आणि त्या चहाच्या पुड्या, एकही राहता कामा नये. भारतात कोकाचं पान १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं, मग ते हॉटेलने फुकट दिलेलं का असेना. पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड हातातल्या पिशवीत ठेवावं. बोलिव्हियातून भारतात परतताना ते मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात, आणि लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते. एल आल्तोत पाणी पिऊन रिकामी बाटली घट्ट बंद करून ठेवली, तर सांताक्रूझला उतरेपर्यंत ती कोणी मुठीत चुरगळल्यासारखी चपटी झालेली असते.